डाव्या अंगाचा बैल

४ ऑक्टोबर १७६१

पुन्हा मेंढ्या! रिआल्तो पुलाजवळच्या छापील चित्रांच्या दुकानदाराने निरोप पाठवलाय — मेंढ्या कोरून हव्यात. एक बसलेली, एक चरणारी, एक मागे वळून बघणारी. मेंढी मागे वळून काय बघते? तिला कोण हाक मारतंय?

आयुष्यभर मी तांब्याच्या पत्र्यावर लढाया कोरल्या. संत कोरले, जळती शहरं कोरली. आता अख्ख्या व्हेनिसला वेड लागलंय. ज्यांनी जन्मात शेण तुडवलं नाही ते लोक जेवणघराच्या भिंतीवर गाढवं टांगतात. आणि ती गाढवं पुरवतो कोण, तर बाल्दिसेरा. माझ्याबरोबर एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकला आणि आता बकऱ्यांवर पोट भरतो. बकऱ्याही अशा की सगळ्यांचे चेहरे त्याच्या सासूसारखे.

निरोप्याला सांगितलं, वेळ नाही. मेनेगाताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वेळच वेळ आहे की तुला, तादिओ. सकाळपासून नखं कुरतडतोयस." थोरली बहीण घरात असली की माणसाला दुसरा वैरी लागत नाही.

७ ऑक्टोबर

आल्मोरो ब्रेंतानी सरकारांचा कारभारी येऊन गेला.

सिले नदीकाठी सरकारांची हवेली आहे. तिथल्या मोठ्या दालनाचं छत म्हणजे माझ्या मास्तरांचं, व्हेत्तोर मास्तरांचं छत! त्याला ओल लागलीय. पोपडे सुटतायत. एका कोपऱ्यातला ढग निखळून थेट जेवणाच्या टेबलावर पडला म्हणे. सगळं जायच्या आत ते तांब्यावर कोरून घ्यायचं, छापे काढून ठेवायचे, असं सरकारांच्या मनात आहे.

मास्तरांचं मोठं काम हे एवढंच उरलंय. बाकीचं जळलं, नाहीतर खरवडून वर दुसऱ्या कुणी रंगवलं. मी बाविशीत असताना एकदा पाहिलं होतं ते छत. कुणाचं तरी लग्न होतं, खाली गर्दीत उभा होतो, मेणबत्त्यांचा उजेड. ढगांतून घोडदळ कोसळतंय, वाटलं आता आपल्या अंगावर येणार. मान अवघडली तरी खाली केली नाही. तेव्हापासून मनात एकच आहे, हे कोरायचं ते मी. ओलीने खाऊन टाकलं तर मास्तर होऊन गेले हे कुणाला खरं वाटेल?

पण कारभारी जाताना म्हणाला की आणखी एक नाव सरकारांच्या डोळ्यांसमोर आहे. बाल्दिसेराचं. त्याच्या हातात घोडदळ द्यायचं म्हणजे सगळ्या घोड्यांना दाढ्या फुटायच्या.

१० ऑक्टोबर

माझी परीक्षा घेणार आहेत. या वयात, माझी!

सरकारांना आधी माझा हात बघायचाय. शेतावरच्या बैलजोडीचं एक चित्र पाठवलंय. ते कोरून, छापून आणा. पसंत पडलं तर छत तुमचं. आणि चित्र काढलंय कुणी? खुद्द सरकारांनी. दोन पलंग शेजारी शेजारी ठेवून त्यांना शिंगं लावलीत. एकाचं शिंग मोडकं आहे, तेवढं मात्र मन लावून काढलंय. खाली नावंसुद्धा लिहिलीत, मोडक्या शिंगाचा तो गार्बिन, दुसरा मोरेल. पैसेवाल्याला काम नसलं की तो बैलांची बारशी करतो.

ताईने खांद्यावरून डोकावलं. "तू बैल पाहिलायस का रे कधी?"

"पाहिलाय."

"कुठे?"

"कार्निव्हलला चौकात कुत्री सोडतात त्याच्यावर, तेव्हा. शिवाय कसायाकडे."

"कसायाकडे टांगलेला असतो. हे उभे आहेत."

आता या शहरात पाणी, पूल आणि होड्या. बैल ठेवायचा कुठे, गच्चीवर? इथे जन्मलेल्या माणसाला बैल माहीत नसला तर त्यात लाजायचं काय? मला नाहीच लाज वाटली.

१३ ऑक्टोबर

पत्र्यावर मेणाचा थर चढवला, धुरावर धरून काळा केला. आता सुईने मेण खरवडत चित्र काढायचं आणि वर तेजाब ओतायचं. जिथे खरवडलंय तिथेच तेजाब तांबं खातं. सरकारांचे पलंग बाजूला सारले. जुन्या छाप्यांतले दोन चांगले दणकट बैल निवडले आणि एकाला यांचं मोडकं शिंग लावून दिलं. कोण कुठे उभा ते सरकारांच्या चित्राबरहुकूम.

आरसा काढला नाही. एरवी काढतो. पत्र्यावर जे डावीकडे असतं ते कागदावर उजवीकडे छापून येतं. म्हणून मूळ चित्र आरशात बघून उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं येतं. तसं नाही केलं तर सेनापती डावखुरे होतात आणि संत डाव्या हाताने आशीर्वाद देतात. मास्तर यावरून पट्टीने मारायचे. पण बैलाला काय तलवार धरायचीय? मान वाकडी करून आरशात बघत बसायचं ते माणसांसाठी. गुरांसाठी कोण करतो?

१९ ऑक्टोबर

पहिला छापा निघाला. देखणा आलाय. बैल कसे उभे आहेत, रोमचे बादशहा वाटावेत. मागे एक पडकी कमान टाकली. रिकामं रिकामं दिसत होतं.

बाल्दिसेरा आला होता. बायकोने दिलेले मासे घेऊन आला, कांदा घालून व्हिनेगरमध्ये मुरवलेले. ताई त्याला "ये रे बाबा, बैस" म्हणते. मला कधी म्हटल्याचं आठवत नाही. छाप्यापुढे बराच वेळ उभा राहिला.

"तादिओ, आरसा घेतला होतास ना?"

"बैलांना आरसा कशाला? नटायचंय का त्यांना?"

"तसं नाही रे..." म्हणाला आणि माशांच्या भांड्यावरचं फडकं सोडायला लागला. पोटात दुखतंय त्याच्या, दुसरं काही नाही. मासे मात्र चांगले होते.

२६ ऑक्टोबर, ब्रेंतानी हवेली

लिहूच नये असं वाटतंय.

आल्या आल्या छत बघायला निघालो, तर दालनाला कुलूप. आत परांची बांधलीय, ओल काढायचं काम चाललंय. "आधी बैल, मग छत," सरकार म्हणाले. जाडजूड माणूस, एक पाय फडक्यात गुंडाळून चौरंगावर ठेवलेला. भोवती पाहुण्यांचा घोळका. मी छापा उलगडला. सरकारांनी तो जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "अय्या, अगदी जिवंत!"

"असतील जिवंत," सरकार म्हणाले. "माझे नाहीत."

मला वाटलं कमानीमुळे म्हणतायत.

"गार्बिन डाव्या अंगाचा बैल आहे. तुम्ही त्याला उजवीकडे जुंपलाय. मोरेल तिकडे काय करतोय?"

मी समजावून सांगायला गेलो, की सरकार, छापताना बाजू उलटतात, त्याला इलाज म्हणजे आरसा, पण गुरांच्या बाबतीत कुणी सहसा...

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," सरकार म्हणाले.

मी छापा परत घ्यायला हात पुढे केला, त्यांनी सोडला नाही.

"वासरू होता तेव्हापासून डावीकडे चालतोय तो. मी स्वतः ठरवलं होतं, हा डावा. जोडीला तुम्ही असं उलटं जुंपून बघा, जू मोडतील पण पाऊल टाकणार नाहीत. आणि ही कमान कुणाची? माझ्या शेतात कमान नाही." मग छापा त्यांनी मांडीवर पालथा घातला. "दोन बैल ज्याला जागच्या जागी ठेवता येत नाहीत, त्याच्या हातात अख्खं घोडदळ देऊ मी?"

पाहुणे हसले. ती 'जिवंत'वाली सगळ्यांत मोठ्याने.

सान मार्तिनच्या सणापर्यंत, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत मुदत दिलीय. तोवर इथेच राहायचं, बैल बघून पुन्हा कोरायचं. नाही जमलं तर छत बाल्दिसेराला. मला खोली दिलीय ती गोठ्याच्या वर. फळ्यांच्या फटींतून खालच्या जनावरांचा श्वास वर येतो. उद्या निघून जावं असं शंभरदा मनात आलं. पण मास्तरांचं घोडदळ त्या कुलपाआड आहे, तिथून पोपडे पडतायत, आणि बाल्दिसेरा व्हेनिसमध्ये मजेत बसलाय.

२७ ऑक्टोबर

वास. आज एवढंच.

२९ ऑक्टोबर

होडीवाल्याने घरून तांबं, सुया, तेजाब आणि आरसा आणून दिला. सोबत ताईचा तोंडी निरोप — "त्याला म्हणावं, मी हसले नाही." म्हणजे हसली.

नांगराच्या पुढे जोडीला धरून चालणारी एक बाई आहे, ओलिव्हा. बैलांशी बोलते तेव्हा "माझ्या राजा, माझ्या सोन्या" आणि मला "ओ शहरवाले". सरकारांनी तिला हुकूम दिला होता, त्याप्रमाणे आज तिने मला दाखवायला जोडी उलटी जुंपली. दोघेही उभे. ती चुचकारते, ओढते, दोघे ढिम्म. गार्बिन सारखा मागे मान वळवून आपली नेहमीची जागा शोधत होता. मोरेलने शेपटी उचलली आणि माझ्या बुटावर काय ते केलं.

"ओ शहरवाले, बाजूला व्हा की जरा," ओलिव्हा म्हणाली. झाल्यावर सांगायचं आणि डोक्याच्या रुमालाआड हसायचं, अशी तऱ्हा.

मग सुलटी जुंपली. एक शब्द न बोलता चालायला लागले. एवढंच काय ते मूर्ख जनावरांचं शहाणपण. सवय म्हणतात त्याला.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. मास्तरांसाठी गावच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली. पाद्रीही गोठ्यातूनच आल्यासारखा दिसतो.

दिवसभर बैल काढले. एकही धड नाही. कागदावर पलंगच येतात! सरकारांच्या पलंगांना हसलो होतो, त्यांच्या पलंगांचे चारही पाय जमिनीला टेकत होते तरी. माझे तरंगतात. जुन्या छाप्यांत बघून काढलेला बैल देखणा असतो, पण तो कशावर उभा नसतो. गार्बिन एक पाय ढिला सोडतो आणि सगळं ओझं बाकीच्या तिघांवर टाकतो. मग खांदा चढतो, पोट एका अंगाला लोंबतं, खूर दबून फाकतो. पुन्हा पाय बदलतो, की सगळं बदललं. उभं राहण्यातसुद्धा इतका उपद्व्याप. बसतो तेव्हा आधी पुढचे गुडघे टेकतो, उठताना आधी मागचं अंग वर काढतो. दहादा पाहिल्यावर मला कळलं. कार्निव्हलच्या चौकात हे कसं दिसणार, तिथे तर मी कुत्र्यांना ओरडून चेव देत होतो.

५ नोव्हेंबर

इथे थंडीत चूल परवडत नाही, म्हणून संध्याकाळी सगळा गाव गोठ्यात जमतो. गुरांची ऊब. बायका सूत कातत बसतात, बाप्ये खोटं बोलत बसतात. मी वर खोलीत गारठत बसलो होतो. शेवटी उतरलो. मला बसायला गार्बिनच्या पाठीशी जागा दिली, ही मानाची जागा म्हणे. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तिकडे व्हेनिसात लोक भिंतीवर आमची गुरं लावतात, खरंय का?"

"खरंय."

"कशापायी?"

"जेवताना बघायला," मी म्हटलं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय, मग त्याने विषय बदलला आणि लांडग्याबद्दल खोटं बोलायला लागला. ऊब मात्र खरीच येते. पाठीतून पार पोटापर्यंत.

७ नोव्हेंबर

बाल्दिसेरा हजर! सरकारांनी बोलावून ठेवलाय, मी पडलो की तयार असावा म्हणून. कुंपणावर बसून बकऱ्या काढत होता. काय तो हसरा चेहरा! माणसाला थोडी तरी चिंता असावी.

"छतासाठी आलायस," मी तोंडावर म्हटलं.

"बोलावलं म्हणून आलो. मला नकोय ते. माझ्या बकऱ्या बऱ्या."

"मास्तरांचं काम आहे आणि तुला नको?"

त्याने हात थांबवला. "सकाळी कारागिरांबरोबर परांचीवर चढून बघून आलोय मी. तूही बघ आधी, मग आपण बोलू."

"मला सोडत नाहीत."

"मग बैल नीट काढ म्हणजे सोडतील," म्हणाला आणि पुन्हा बकरीच्या कानाला लागला. हा माणूस मास्तरांच्या हाताखाली सात वर्षं राहिला, आणि त्यांच्याबद्दल बोलताना याचा आवाज जरासुद्धा हलत नाही. मला तर किळस आली.

८ नोव्हेंबर

आरशात बघून कोरलं. खिडकीत आरसा टांगून, गोठ्यात जोडी उभी करून, प्रत्यक्ष बैलांकडे पाठ करून. ओलिव्हा म्हणाली, "तोंड फिरवून बसलात, रुसलात का त्यांच्यावर?"

कमान नाही टाकली. मागे फक्त चिखल आणि एक बादली.

९ नोव्हेंबर

अंगणात तेजाब ओतलं. कोंबड्या खोकल्या. पत्रा घेऊन जवळच्या त्रेव्हिझो शहरात चाललोय छापायला. पावसाने रस्ता धुतलाय. छापा बिघडला तर दुसरा पत्रा कोरायला वेळ नाही.

११ नोव्हेंबर, सान मार्तिन

मिळालं!

सरकारांनी छापा घेतला, जवळ धरला. या वेळी पाहुणे नव्हते, भाजलेलं बदक होतं. मग चिकट बोट उचलून गार्बिनवर ठेवलं, तेलाचा डाग पडला, आणि मला रागही आला नाही.

"हा माझा," म्हणाले. "याला असंच एका पायाला विसावा द्यायची खोड आहे." आणि डोळे पुसले. बैलासाठी रडणारा माणूस! मीही घसा खाकरला, बदकाचं हाड अडकलं होतं.

छत माझं. पूर्ण, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, वेळ लागेल तेवढा लागो. मी विचारलं, मास्तरांचं काम सरकारांना कसं वाटतं. म्हणाले, "बाबांनी करून घेतलेलं. मला त्यातलं काही कळत नाही, माझी मान वर होत नाही. जेवायला बसलो की मी ताटात बघतो. पण लोक म्हणतात मोठं काम आहे, तर राहिलं पाहिजे." याच्या डोक्यावर आयुष्यभर ते घोडदळ होतं आणि हा ताटात बघत होता. काय बोलायचं अशा लोकांना? पण आज कुणाबद्दलही वाईट लिहायचं नाही. उद्या सकाळी किल्ली मिळणार. तीस वर्षं थांबलोय या सकाळसाठी.

१२ नोव्हेंबर

परांचीवर चढलो. छत हाताला लागेल इतकं जवळ.

घोड्यांचे मागचे पाय पुढे वाकलेत. गुडघ्यात, माणसाचे वाकतात तसे; गार्बिनसारखे मागे नाही. एकाचे नाही, सगळ्यांचे. खालून ढग आणि धूर दिसतो म्हणून कळत नाही. मास्तर व्हेनिसमध्ये जन्मले, व्हेनिसमध्येच गेले. त्यांना घोडा कुणी दाखवला असेल? बाल्दिसेरा हेच बघून आला होता.

सरकारांनी खालून विचारलं, "कसं आहे?" मी म्हटलं, "असं पुन्हा कुणाला जमणार नाही."

पाय मी तांब्यावर सरळ करणार आहे, एकेक करून. खाली नाव मास्तरांचंच. आणि माझे छापे बाहेर पडायच्या आत हे छत सगळं गळून पडावं, एवढंच देवाकडे मागणं आहे.